ओलिंथाच्या घरातलं 'नाही'

ओलिंथा स्वॉन्स्टन टाचण्या तोंडात धरून बोलायची, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं समोरच्यानं अंदाजानं समजून घ्यावं लागायचं. नेव्हिस बेटावरच्या जिंजरलँड भागात झायन गावच्या चढावर तिचं छोटं घर होतं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला टेकवलेला उभा आरसा. जुलै-ऑगस्ट हे तिचे कामाचे महिने. सप्टेंबरात शाळा उघडायची आणि गावातल्या निम्म्याहून जास्त पोरांचे गणवेश तिच्याकडे असायचे. मी त्या शाळेत मास्तर होतो. पहिल्या दिवशी वर्गावर नजर टाकली की कुठला गणवेश ओलिंथानं शिवलाय ते मला कळायचं. तिची दुमड दोन बोटं जास्त असायची, पोर वर्षभरात वाढणार हे धरून.

ती मूळची शेजारच्या सेंट किट्स बेटाची, सँडी पॉइंटची. बाविसाव्या वर्षी विल्मॉट स्वॉन्स्टन या मच्छीमाराशी लग्न करून पाणी ओलांडून इकडे नेव्हिसला आली. १९९८ साली त्याला छत्तीस वर्षं झाली होती. दोन बेटांमधलं पाणी जेमतेम दोन मैलांचं, पण बोट आमच्या चार्ल्सटाउनहून दोन्ही बेटांच्या राजधानीला, किट्सवरच्या बास्तेरला, वळसा घालून जाते, पाऊण तास घेते. त्या पाऊण तासात ओलिंथाला दर वेळी उलटी व्हायची. त्यामुळे माहेरी जाणं वर्षातून एकदा, फार तर दोनदा.

ती किट्सची आहे हे लोक विसरले होते असं मी म्हणणार नाही. माहीत सगळ्यांना होतं, पण त्या माहितीचं काही काम पडत नव्हतं. त्या वर्षी पडलं.

दोन्ही बेटं मिळून एकच देश होता, सरकार किट्सला. ऑगस्टच्या दहा तारखेला मतदान ठरलं होतं. नेव्हिसनं किट्सपासून वेगळं होऊन आपला स्वतःचा देश करायचा का? होय किंवा नाही. नुसतं बहुमत पुरणार नव्हतं. तीनात दोन मतं 'होय'ची पडली तरच फारकत. आमच्या जिंजरलँडात 'होय'चा जोर होता आणि 'नाही'वाले बहुतेक गप्प होते.

मे महिन्यात व्हर्ना टायसन कामाला लागली. ती वाचनालयात नोकरीला होती. तिच्या भाच्यानं परदेशातून एक वापरलेला व्हिडिओ कॅमेरा पाठवला होता आणि तिच्या डोक्यात आलं की या तीन महिन्यांत साधी माणसं कशी जगताहेत त्याचा माहितीपट करायचा, आणि तो साध्या माणसांनीच करायचा. बाहेरचं कोणी नको, पुढारी नकोत. सात माणसं, एकेकाकडे एकेक आठवडा कॅमेरा. नियम तीन. समोरच्याला कॅमेरा चालू आहे हे सांगायचं. आपला आठवडा संपला की पुढच्याला कॅमेरा स्वतः नेऊन द्यायचा आणि शिकवायचा, मग तो कुठल्याही बाजूचा असो. आणि शेवटी, ज्याला स्वतःचं जे दाखवायला नको वाटेल ते काढून टाकायचं, कारण विचारायचं नाही.

सातांत मी होतो. हेझेकाया लिबर्ड होता. तो ओलिंथाचा लागूनच शेजारी, शेळ्या पाळायचा, शनिवारी अंगणात मोठ्या पातेल्यात बोकडाचा रस्सा शिजवून विकायचा आणि 'होय'च्या प्रत्येक सभेत पुढच्या रांगेत असायचा. ओलिंथाला विचारायला व्हर्ना झगा शिवून घ्यायच्या निमित्तानं गेली, त्या दिवशी मीही बरोबर होतो.

"मी काय करू त्यात?" ओलिंथा म्हणाली. "मला साधा फोटो काढता येत नाही. दर वेळी डोकी उडतात."

"उडू देत," व्हर्ना म्हणाली. "डोकी दाखवणारे सहा जण आहेत माझ्याकडे."

"हात वर कर. आणि पोट आत ओढू नकोस, शिवल्यावर मला शिव्या देशील."

माप घेऊन होईपर्यंत ती हो म्हणाली होती.

जूनमध्ये वारं बदललं. एका शनिवारी दुपारी आम्ही हेझेकायाच्या अंगणात होतो. विल्मॉट आणि हेझेकाया नेहमीसारखे डॉमिनो खेळायला बसले होते, वीस वर्षांचे भिडू. कोणीतरी म्हणालं की चढावरच्या घरांत दोन-तीन मतं 'नाही'ची आहेत. हेझेकायानं सोंगटी टेबलावर आपटली.

"ज्यांची नाळ पाण्यापलीकडे पुरलीय," तो म्हणाला, "त्यांनी या मतदानात निदान गप्प तरी बसावं. आम्ही काही त्यांना हाकलत नाही. छत्तीस वर्षं खाल्लं-प्यायलं, खाऊ देत. पण घराचं दार उघडायचं की लावायचं ते घरचे ठरवतील."

नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती. सगळ्यांनी विल्मॉटकडे पाहिलं. विल्मॉटनं हातातल्या सोंगट्या पाहिल्या, मग म्हणाला, "खेळ, हेझी. तुझी पाळी आहे."

ओलिंथा कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होती. तिला ऐकू गेलं असावं. तिनं शेवटचा चिमटा लावला आणि आत गेली.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात मर्लीन नावाची एक आई आली आणि गणवेशाचं कापड परत मागितलं. घरातलंच कोणीतरी शिवणार आहे म्हणाली. ओलिंथानं कापडाची घडी घातली, वर जुळणाऱ्या दोऱ्याचं रीळ ठेवलं आणि दिलं. त्या महिन्यात आणखी चार जणींनी कापड नेलं. एकीनं खरं कारण सांगितलं, "नवऱ्याला आवडत नाही हो, मिस ओलिंथा. मतदान झालं की येते." ओलिंथा तिला म्हणाली, "मतदान झालं की शाळेला तीनच आठवडे उरतील. आताच शिवून घे कोणाकडून तरी. पोर उघडं पाठवशील का?"

तिचा कॅमेऱ्याचा आठवडा जुलैअखेरीस आला. मी तिच्या आधीचा, म्हणून मी शिकवायला गेलो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कॅमेरा इस्त्रीच्या टेबलावर ठेवून दिला. आठवडाभर तो तिथून हलला नाही. जो येईल त्याला ती सांगायची, "तो चालू आहे," आणि माप घ्यायला लागायची. प्रश्न एकही विचारला नाही. टेबल कमरेइतकं उंच, त्यामुळे कॅसेटवर आली ती माणसांची पोटं, हात, पट्टे, खिशात कोंबलेले रुमाल. चेहरा एकाचाही नाही. पण माणूस हात पसरून उभा राहिला आणि कोणी विचारत नसलं की बोलतो. एक म्हातारा, जुन्या पँटची कंबर सैल करायला आलेला, म्हणाला, "किट्सचं सरकार आपल्या रस्त्यांकडे बघत नाही म्हणतात. खरंय. पण आपलं आपण झाल्यावर रस्त्याकडे बघायला कोण, तर हाच हेझेकाया. तो शेळ्यांकडेसुद्धा बघत नाही." एक नर्स म्हणाली, "मी 'होय'. माझी सख्खी बहीण बास्तेरला 'नाही' म्हणून रडते. तिला तर मतसुद्धा नाही." एका बाईचा नुसता हात दिसतो, अंगठी फिरवणारा, आणि आवाज: "आमच्याकडे जेवताना कोणी बोलत नाही आता. बरं वाटतं खरं सांगू का, पूर्वी फार बोलायचे."

पुढची पाळी हेझेकायाची. महिनाभर तो तिच्याशी बोलला नव्हता. शनिवारी भर गर्दीत ती कॅमेरा घेऊन त्याच्या अंगणात गेली. मी वाडगा घेऊन रांगेत होतो.

"ठेव तिकडे," हेझेकाया म्हणाला.

"ठेवायचा नाही, शिकवायचाय. हात पूस."

"मास्तर शिकवतील मला."

"नियम तसा नाही. हात पूस, हेझी. रस्सा लागेल भिंगाला."

त्यानं हात पुसले. तिनं त्याची बोटं धरून एकेका बटणावर ठेवली. चालू, बंद, जवळ, लांब. त्याची बोटं जाड, दोन बटणं एकदम दाबली जायची. तिसऱ्यांदा चुकल्यावर तो म्हणाला, "तू मत कुठलं देणार ते सांग आधी."

"ते बटण यात नाही."

रांगेतले हसले. तो चिडला. "चेष्टा नको. माणसानं उघड सांगावं."

"मत पेटीत टाकायचं असतं, हेझी, रश्श्यात नाही. आता हे लाल दिसतंय का? म्हणजे चालू आहे. इतका वेळ तुझ्याच पायांचं चित्र घेतोयस."

त्या आठवड्यात तो तिच्याकडे कॅमेरा घेऊन गेला. मला वाटतं, तिला कोंडीत पकडायचं हा त्याचा बेत होता. ते दृश्य माहितीपटात आहे. ओलिंथा दारात खुर्चीवर बसून काजं करतेय आणि हेझेकायाचा आवाज मागून येतो.

"ओलिंथा स्वॉन्स्टन, तुझी नाळ कुठे पुरलीय ते सांग."

"सँडी पॉइंटला. नीरफणसाच्या झाडाखाली. ती जमीन समुद्रानं नेली, झाड पण गेलं."

"म्हणजे किट्सलाच."

"हो. आणि माझ्या तीन मुलांच्या या अंगणात आहेत. थोरल्याची विल्मॉटनं पुरली. मधलीची तू पुरलीस."

बराच वेळ नुसतं काज दिसत राहतं.

"विल्मॉट समुद्रावर होता," ती म्हणते. "वादळ होतं म्हणून आला नव्हता. तू कुदळ घेऊन आलास. फार उथळ खणलंस म्हणून माझी सासू तुझ्यावर ओरडली."

"ओरडली होती," हेझेकाया म्हणतो. इथे कॅमेरा बंद होतो. हे काढून टाकायचा हक्क त्यालाही होता. त्यानं काढलं नाही. पण सभांमधलं बोलणंही बदललं नाही, आणि दहा तारखेपर्यंत तो तिच्या अंगणात पुन्हा आला नाही.

दहा ऑगस्टला आमच्या शाळेतच मतदान झालं. विल्मॉट आणि ओलिंथा बरोबर आले, बरोबर गेले. रांगेत त्यांच्या पुढेमागे थोडी जागा सुटलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर निकाल सगळ्यांना कळला. शंभरात बासष्ट 'होय', आणि लागणार होती सदुसष्ट. बहुमत मिळूनही वेगळं होता आलं नाही. त्या आठवड्यात गावात कोणी कोणाला काही म्हणालं नाही. हेझेकायानं शनिवारी पातेलं लावलं नाही. लोक मनात हिशेब करत राहिले की कुठल्या घरातून किती 'नाही' गेली असतील, आणि चढावरच्या एका घराचा हिशेब त्यांच्या मते पक्का होता.

सप्टेंबरात आम्ही वाचनालयाच्या मागच्या खोलीत माहितीपटाचं जोडकाम करायला बसलो. दोन व्हिडिओ यंत्रं, मध्ये एक वायर. ओलिंथाच्या कॅसेटी बघायला ती स्वतः, व्हर्ना आणि मी. चौथ्या कॅसेटवर दार वाजतं आणि विल्मॉटची कंबर येते, हातात माशांची टोपली. खोलीत रेडिओ चालू आहे.

"तो चालू आहे," ओलिंथा सांगते.

"असू दे," विल्मॉट म्हणतो. त्याला वाटलं ती रेडिओबद्दल बोलतेय. "हेझी परत काही बोलला?"

"तुझं 'नाही' तू सांगून टाक ना त्यांना. माझं 'होय' आहे हे तुला माहीत आहे."

"सांगितलं तर उद्या बोटीवर कोण येईल माझ्याबरोबर? माझी दोन्ही माणसं 'होय'वाली. आणि मासा मला बास्तेरच्याच बाजारात विकायचाय, वेगळं होऊन कसं परवडेल? हे इथे कोणाला पटणार आहे का? दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, ओलिंथा. संशय तुझ्यावर गेला तर निभतं. तू घरात बसून शिवतेस."

त्यानंतर मशीन सुरू होतं आणि पुढचं काही ऐकू येत नाही.

व्हर्नानं यंत्र थांबवलं. ओलिंथा पडद्याकडे न बघता म्हणाली, "हे काढायचं. मी त्याला विचारलं. तो नको म्हणाला."

"पण यात तूही आहेस," मी म्हणालो. "तुझ्या बाजूनं..."

"बोलतोय तो, मास्तर. नियम तुमचाच आहे."

"तुला राग नाही येत?"

"कारण विचारायचं नाही असाही नियम आहे," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, बहुधा माझी कीव येऊन, म्हणाली, "मी 'होय' का केलं ते सांगते. नातवाच्या जन्माच्या दाखल्यातलं नाव चुकलं होतं. तीन वेळा बास्तेरला जावं लागलं. तीन वेळा जाऊन-येऊन सहा वेळा उलटी. तिसऱ्या वेळी खिडकीतला माणूस जेवायला गेला होता. तेव्हा बोटीत बसूनच ठरवलं की आपलं कार्यालय आपल्या बेटावर पाहिजे. बाकी मला काही कळत नाही."

चाळीस सेकंदांचा तो तुकडा व्हर्नानं पुसला. आम्ही दोघांनी तोंड बंद ठेवलं.

सप्टेंबरच्या एकवीस तारखेला चक्रीवादळ आलं. शाळेचं अर्धं छप्पर उडालं, ओलिंथाच्या घराचे चार पत्रे गेले. व्हर्नानं सगळ्या कॅसेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ओव्हनमध्ये ठेवल्या होत्या, त्या वाचल्या. दोन महिने पत्रे, खिळे आणि पाणी सोडून कोणी कशाचा विचार केला नाही. हेझेकाया शिडी घेऊन सगळ्यांच्या छपरांवर चढला, ओलिंथाच्याही. वर बसून त्यानं खिळे ठोकले, तिनं खालून दिले.

माहितीपट नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी चर्चच्या सभागृहात दाखवला, प्रार्थना झाल्यावर, दुपारी. टेबलांवर दोन टीव्ही ठेवले होते. दीडशे माणसं तरी असतील. ओलिंथाचा भाग नऊ मिनिटांचा होता आणि सगळ्यात जास्त हशा त्यालाच. "अरे, हे तर पेंबर्टनचं पोट." "हा पट्टा माझाय, माझा हरवलेला पट्टा." मग नाळेचं दृश्य आलं तेव्हा हसणं थांबलं. सगळं संपल्यावर हेझेकाया उठला. त्याला बोलायची सवय होती.

"झालं ते झालं," तो म्हणाला. "मी ओलिंथाबद्दल बोललो होतो. आज सगळ्यांसमोर सांगतो, माझ्या मनात काही नाही. तिनं 'नाही' केलं. रक्त ओढतं माणसाला, त्यात तिचा दोष नाही. मी माफ केलं."

दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. मी ओलिंथाकडे पाहिलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

तेव्हा विल्मॉट उभा राहिला. त्याला सभेत बोलताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्यानं समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"आमच्या घरातलं 'नाही' माझं होतं," तो म्हणाला. "तिचं 'होय' होतं. मी गप्प बसलो. बोटीवरची माणसं जातील म्हणून गप्प बसलो. ते बरोबर केलं नाही."

मग मागून कोणीतरी म्हणालं, "शाब्बास, विल्मॉट. नवरा असावा तर असा," आणि सगळे हसले. चांगलं, मोकळं हसू होतं ते. हेझेकाया खुर्च्यांमधून वाट काढत आला आणि त्यानं विल्मॉटच्या खांद्यावर हात टाकला.

"तू, 'नाही'? अरे, तुझा आजा इथला, पणजा इथला. बायकोसाठी माणूस काय काय अंगावर घेतो."

"हेझी, मी खरं सांगतोय."

"हो, हो. बस आता."

विल्मॉटनं माझ्याकडे पाहिलं. मी तुकडा पाहिला आहे हे त्याला ठाऊक होतं. मी तोंड उघडावं अशी त्याची अपेक्षा असेल, किंवा नसेल. मी उघडलं नाही. पुसलेल्या कॅसेटचा पुरावा कोण धरणार, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

घरी जाताना चढावर मी त्यांच्या थोडा मागे होतो.

"उशीर केलास," ओलिंथा म्हणाली.

"हो."

"आणि कोणाला पटलं पण नाही."

"नाही पटलं."

ती थांबली, चप्पल काढून आतला खडा झटकला, पुन्हा घातली. तो शेजारी उभा राहिला. मग दोघं चालू लागले.

पुढच्या जुलैत मर्लीन कापड घेऊन आली. बाकीच्याही हळूहळू आल्या. बहुतेकींनी ज्या बाईकडे शिवून घेतलं होतं ती मुलाकडे टॉर्टोला बेटावर निघून गेली, हेही एक कारण असावं. ओलिंथानं मापं घेतली, मागचा विषय काढला नाही. बोटीवरची दोन्ही माणसं विल्मॉटबरोबर शेवटपर्यंत राहिली; त्यांनाही त्याचं बोलणं खरं वाटलं नव्हतं. हेझेकाया मरेपर्यंत समजत होता की ओलिंथानं 'नाही' केलं आणि आपण तिला माफ केलं. ती त्याच्या मयताला गेली, पुढे बसली.

विल्मॉटला झटका आला तो २००१ साली. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. आठ वर्षं तो अंथरुणावर होता आणि ओलिंथानं त्याचं सगळं केलं. तो गेल्यानंतर तीनेक वर्षांनी मी तिला भेटायला गेलो. तेव्हा ती मुलीकडे चार्ल्सटाउनला राहत होती, शिवण सुटलं होतं, नजर अधू झाली होती. हे सगळं लिहू का, असं मी विचारलं. ती म्हणाली, आता लिहा, आता बोटीवरून कोणी उतरणार नाही.

वाचनालयात न मिळालेलं उत्तर मी पुन्हा मागितलं. राग आला होता का?

"आला होता," ती म्हणाली. "सभागृहात तो बोलल्यावर जाईल वाटलं होतं, गेला नाही. दोन-अडीच वर्षं होता. विल्मॉट शेजारी झोपायचा, आणि मी भिंतीकडे तोंड करून त्याच्यावर रागावलेली असायची. मग तो आजारी पडला. त्याला उचलायचं, धुवायचं, भरवायचं. त्यात राग कधी गेला कळलं नाही. लक्षात आलं तेव्हा शोधून पाहिला, नव्हता."

आतून तिच्या मुलीनं जेवायला हाक मारली. ओलिंथा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठली. मासे तळलेले आहेत, म्हणाली, थोडे आहेत पण पुरतील, मास्तर, तुम्ही बसा.